हाय-फाय इंग्रजी शब्दांची चावी दहावीच्या मराठी पुस्तकात: जव्हार-मोखाड्यातून शब्दसंग्रह कसा वाढवायचा?

रील उघडलं की कुणीतरी सांगत असतं, ‘व्हेरी टायर्ड’ म्हणू नका, ‘एक्झॉस्टेड’ म्हणा. ‘व्हेरी बिग’ नको, ‘ह्यूज’ म्हणा. खाली हजारो लाईक्स आणि ‘सेव्ह करून ठेवा’ अशी सूचना. आपणही सेव्ह करतो. ते पुन्हा कधी उघडलं जात नाही, ही गोष्ट वेगळी.

या रील्समध्ये चुकीचं काही नसतं. पण ज्याला इंग्रजी शब्दांची खरी गरज आहे, त्याची अडचण ‘व्हेरी टायर्ड’पाशी नसतेच. ती असते पाठ्यपुस्तकाच्या पानावर, प्रश्नपत्रिकेत, कधी सातबाऱ्याच्या आणि वनपट्ट्याच्या कागदात. म्हणून ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ हा विषय आज जव्हार आणि मोखाड्याच्या बाजूने पाहूया.

प्रश्न नेमका कुठे येतो?

पालघर जिल्ह्यातले हे दोन डोंगरी तालुके. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. २०११ च्या जनगणनेनुसार इथल्या दर दहा माणसांपैकी नऊ अनुसूचित जमातींची आहेत. घरात वारली, कोकणा, ठाकरी किंवा कातकरी बोली. शाळेत गेल्यावर पुस्तकी मराठी. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलाची जी पहिली भाषा, ती इथल्या अनेक मुलांची दुसरी. इंग्रजीचा नंबर तिसरा.

राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवायला सुरुवात झाली ती २००० साली. म्हणजे आज कॉलेजात असलेली मुलं दहा वर्षं इंग्रजी शिकून आलेली आहेत. तरी अकरावी सायन्सला पहिल्या महिन्यात धाप लागते. कारण इंग्रजी हा विषय शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून विषय शिकणं वेगळं. दहावीपर्यंत ‘गुरुत्वाकर्षण’ शिकलेलं असतं, अकरावीला पुस्तक एकदम ‘ग्रॅव्हिटेशन’ म्हणायला लागतं. नीटची परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते, पण पुढे एमबीबीएसची जाडजूड पुस्तकं इंग्रजीत असतात. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पण ३०० गुणांच्या इंग्रजीच्या पेपरात किमान २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत.

थोडक्यात, इथे मोठे शब्द ऐटीसाठी लागत नाहीत, वर्गात टिकून राहण्यासाठी लागतात.

किती शब्द आले म्हणजे पुरे?

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये याचा हिशोब मांडला. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची असेल तर साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं ओळखीची असावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे ‘डिसाईड’, ‘डिसीजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘अनडिसायडेड’ हे सगळं मिळून एक. एवढे शब्द येत असतील तर पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी निघतो आणि तो अंदाजाने लागतो. वीसात एक अनोळखी निघायला लागला की ३०० शब्दांच्या पानावर पंधरा ठिकाणी अडखळायला होतं. मग पुस्तक मिटतं.

८,००० हा आकडा ऐकून घाबरू नका, कारण सगळे शब्द सारख्या कामाचे नसतात. अगदी नेहमीचे २,००० शब्द कुठल्याही मजकुराचा बहुतेक भाग व्यापतात, आणि ते शाळेत बऱ्यापैकी झालेले असतात. त्यानंतरचा टप्पा मोलाचा. एव्हरिल कॉक्सहेड या अभ्यासिकेने २००० साली पाठ्यपुस्तकं आणि शोधनिबंध चाळून ५७० शब्दकुटुंबांची ‘ॲकॅडमिक वर्ड लिस्ट’ काढली. ‘इंडिकेट’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘सिग्निफिकंट’, ‘डिराईव्ह’, ‘ॲझ्यूम’, ‘इंटरप्रिट’ असे हे शब्द. अभ्यासाच्या पुस्तकात दर दहा शब्दांमागे साधारण एक शब्द या यादीतला असतो, मग विषय भूगोल असो की अर्थशास्त्र. यादी इंटरनेटवर फुकट मिळते. रोज पाच घेतले तर चार महिन्यांच्या आत संपते.

गंमत अशी की हे शब्द रील्समध्ये जवळपास कधीच येत नाहीत. दिसायला ते अजिबात चमकदार नाहीत ना!

मराठी माध्यम ही अडचण की शिडी?

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. आपण बोलताना ‘डोळे’ म्हणतो, पण ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर ‘नेत्रतपासणी शिबिर’ लिहिलेलं असतं. दात दुखतात, पण विभागाचं नाव ‘दंतचिकित्सा’. राहतो घरात, पण योजना ‘गृहनिर्माण’ची. घरगुती शब्द वेगळा आणि पुस्तकी शब्द वेगळा, ही दोन मजली रचना मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. पुस्तकी मजला संस्कृतचा.

इंग्रजीही अशीच दुमजली आहे. खालच्या मजल्यावर ‘आय’, ‘टूथ’, ‘हाऊस’. वरच्या मजल्यावर ‘ऑप्टिकल’, ‘डेंटल’, ‘डोमेस्टिक’. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीहून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची, कोर्टाची भाषा कित्येक पिढ्या फ्रेंच आणि लॅटिन राहिली. वरचा मजला मुख्यतः तेव्हापासून चढत गेला. विज्ञानाने त्यात ग्रीक मिसळली. ज्याला आपण ॲडव्हान्स्ड इंग्रजी म्हणतो, ते म्हणजे बहुतांशी हा वरचा मजला.

आणि या दोन वरच्या मजल्यांमध्ये जुना जिना आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्सने कलकत्त्यातल्या भाषणात १७८६ मध्ये मांडलं होतं. म्हणून ‘दंत’ आणि ‘डेंटल’, ‘मातृ’ आणि ‘मॅटर्नल’, ‘नव’ आणि ‘इनोव्हेशन’मधला ‘नोव्ह’, ‘पाद’ आणि ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’, ‘मृत’ आणि ‘मॉर्टल’ हे एकमेकांचे भाऊबंद आहेत. नकार दाखवणारा आपला ‘अ’ किंवा ‘अन्’ ग्रीकमध्येही तसाच आहे, लॅटिनमध्ये तो ‘इन’ होतो आणि इंग्रजीत ‘अन’.

आता दहावीचं मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक काढा. ते अजून रद्दीत दिलं नसेल तर देऊ नका. त्यातल्या कित्येक संज्ञा मूळ शब्दाचा एकेक तुकडा उचलून घडवलेल्या आहेत.

‘समस्थानिक’ घ्या. सम म्हणजे सारखं, स्थान म्हणजे जागा. ‘आयसोटोप’मध्येही ‘आयसो’ म्हणजे सारखं आणि ‘टोपोस’ म्हणजे जागा. आवर्तसारणीत एकाच चौकटीत बसणारे, म्हणून ते नाव. ‘उभयचर’ म्हणजे दोन्हीकडे वावरणारा, ‘ॲम्फिबियन’मध्ये ‘ॲम्फी’ म्हणजे दोन्हीकडे आणि ‘बायोस’ म्हणजे जीवन. ‘अपृष्ठवंशीय’मधला ‘अ’ काढून ‘इन’ ठेवा, पृष्ठवंशाच्या जागी ‘व्हर्टिब्रा’, झालं ‘इनव्हर्टिब्रेट’. ‘सूक्ष्मदर्शक’ म्हणजे ‘मायक्रो’ अधिक ‘स्कोप’. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा जिभेला फेस आणणारा शब्द तर तीन तुकड्यांत जुळतो: प्रकाश म्हणजे ‘फोटो’, सम् म्हणजे ‘सिन’, आणि जोडणं-मांडणं म्हणजे ‘थेसिस’. ‘क्रांती’ आणि ‘उत्क्रांती’ची जोडी तिकडे ‘रेव्होल्यूशन’ आणि ‘इव्होल्यूशन’ अशी आहे. ‘अभिकेंद्री बल’ म्हणजे केंद्राकडे ओढणारं, ‘सेंट्रिपीटल फोर्स’. यातला ‘केंद्र’ हा शब्द तर संस्कृतने फार पूर्वी ग्रीकमधूनच घेतलाय, म्हणजे ‘सेंटर’ आणि ‘केंद्र’ मुळात एकच.

हे तुकडे एकदा सुटे केले की पुढचे शब्द आपोआप उलगडतात. ‘आयसो’ कळला की भूगोलातल्या ‘आयसोबार’ म्हणजे समदाब रेषा. ‘सिन’ कळला की ‘सिंथेटिक’, ‘सिंड्रोम’, ‘सिंक्रोनाईज’. मराठी माध्यमाच्या मुलाने संज्ञा अर्थासकट शिकलेली असते. इंग्रजी माध्यमाच्या कितीतरी मुलांनी ‘आयसोटोप’ नुसताच पाठ केलेला असतो, हे माझं निरीक्षण. वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये घाला.

सगळीकडे ही युक्ती चालत नाही. ‘पेशी’ आणि ‘सेल’चा काही संबंध नाही. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाचा तुकडा भिंगाखाली पाहिला, त्यातले कप्पे त्याला लहान खोल्यांसारखे वाटले आणि त्याने खोलीचा शब्द दिला. तुरुंगाची कोठडीही ‘सेल’च. अशा शब्दांची गोष्टच लक्षात ठेवायची.

कागदपत्रांच्या फाईलमध्ये काय दडलंय?

जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाचा अर्ज द्यायला जाणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याची प्लास्टिकची फाईल उघडा. बोनाफाईड, डोमिसाईल, व्हॅलिडिटी, ॲफिडेव्हिट, अटेस्टेड झेरॉक्स. हे शब्द इथली आजीसुद्धा बोलते. झेरॉक्स सोडलं तर सगळे अस्सल लॅटिन घराण्यातले आणि कुठल्याही ‘ॲडव्हान्स्ड’ यादीत शोभतील असे.

‘बोनाफाईड’ म्हणजे शाळेचा दाखला, एवढंच आपल्याला माहीत असतं. मूळ लॅटिन अर्थ ‘चांगल्या विश्वासाने’, म्हणून खरा, अस्सल. ‘बोना’ म्हणजे चांगलं, तोच ‘बोनस’मध्ये. ‘फिड’ म्हणजे विश्वास. तोच ‘कॉन्फिडन्स’मध्ये, ‘कॉन्फिडेन्शियल’मध्ये, आणि फाईलमधल्याच ‘ॲफिडेव्हिट’मध्येही. मूळ आवाजाशी इमान राखणाऱ्या रेकॉर्डिंगला ‘हाय फिडेलिटी’ म्हणायचे, त्याचं ‘हाय-फाय’ झालं, आणि आपण ते श्रीमंती थाटाला चिकटवलं. १९९९ मध्ये ‘वाय-फाय’ हे नाव ठेवलं गेलं ते याच ‘हाय-फाय’वर यमक जुळवून.

‘व्हॅलिडिटी’ हा अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याच्या काळजातला शब्द. ती वेळेत मिळाली नाही तर प्रवेश टांगणीला लागतो. त्याचं मूळ ‘व्हॅलेरे’, म्हणजे बळकट असणं. त्याच मुळाचे ‘व्हॅल्यू’, ‘इन्व्हॅलिड’, ‘प्रिव्हेल’, ‘इक्विव्हॅलंट’. शेवटचा शब्द फोडून पाहा: ‘इक्वी’ म्हणजे समान, म्हणून समान बळाचा, समतुल्य. ‘अटेस्टेड’मध्ये ‘टेस्ट’ म्हणजे परीक्षा नाही, साक्ष आहे. ‘टेस्टिमनी’ आणि ‘प्रोटेस्ट’ त्याचेच. ‘डोमिसाईल’मध्ये घर आहे, ‘डोमेस्टिक’मध्ये आहे तेच.

आता याचा उपयोग. २००६ चा वनहक्क कायदा इथल्या घराघराशी संबंधित आहे. त्याच्या इंग्रजी मजकुरात वनवासी अनुसूचित जमातींची व्याख्या करताना ‘बोनाफाईड लाइव्हलीहूड नीड्स’ असा शब्दप्रयोग येतो. दाखल्यापुरता अर्थ माहीत असलेला विद्यार्थी इथे बुचकळ्यात पडतो. मुळातला अर्थ माहीत असेल तर लगेच लागतं: उपजीविकेच्या खऱ्याखुऱ्या गरजा. याच कायद्यात पुढे म्हटलंय की मिळालेला हक्क ‘हेरिटेबल’ आहे, पण ‘एलियनेबल’ किंवा ‘ट्रान्सफरेबल’ नाही. ‘हेरिटेबल’ म्हणजे वारसाने मिळणारा. ‘एलियनेबल’ हा शब्द फार कमी जणांना येतो, पण ‘एलियन’ सगळ्यांना ठाऊक आहे. एलियन म्हणजे परका. एलियनेबल म्हणजे परक्याच्या नावे करता येण्याजोगा. म्हणजे वनहक्काचा पट्टा मुलांकडे जाईल, पण विकता येणार नाही. कुणी ‘एवढी सही करा, जमीन माझ्या नावावर करून घेतो’ म्हणत आला, तर या एका शब्दाची किंमत कळते.

दवाखान्यातले शब्द

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरातल्या बालमृत्यूंमुळे जव्हार देशभर बातम्यांत आलं. तेव्हापासून कुपोषणाची इंग्रजी परिभाषा इथे रुजली. अंगणवाडीताई सहज सांगतात, ‘बाळ सॅममध्ये आहे, ते मॅममध्ये.’ सॅम म्हणजे ‘सिव्हिअर ॲक्यूट मालन्यूट्रिशन’. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते सॅम, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मॅम.

यातला ‘ॲक्यूट’ आपण भूमितीत पाहिलेला असतो, ‘ॲक्यूट अँगल’, लघुकोन. मूळ अर्थ टोकदार. आजारात त्याचा अर्थ होतो अचानक आणि तीव्र. त्याच्या उलट ‘क्रॉनिक’, ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, बराच काळ चाललेला. म्हणून उंचीच्या मानाने वजन घटलं तर ‘वेस्टिंग’, ते ॲक्यूट. वयाच्या मानाने उंचीच खुंटली तर ‘स्टंटिंग’, ते क्रॉनिक. बातम्यांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. ‘माल’ म्हणजे वाईट: ‘मालफंक्शन’, ‘मालप्रॅक्टिस’, आणि ‘मलेरिया’ म्हणजे शब्दशः वाईट हवा. ‘ॲनिमिया’त आपला ओळखीचा ‘अन्’ आहे आणि रक्ताचा ग्रीक शब्द ‘हायमा’, जो हिमोग्लोबिनमध्येही आहे.

फसगत कुठे होते?

तुकडे जुळवण्याच्या नादात ‘पेडियाट्रिक’ म्हणजे पायाचा डॉक्टर असं वाटू शकतं. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ लॅटिन, पायाचा. ‘पेडियाट्रिक’मधला ग्रीक, मुलाचा. म्हणून अंदाज करा, पण शब्दकोशात एकदा पाहाच.

दुसरी फसगत रील्सची देणगी आहे, समानार्थी शब्दांची. ‘फेमस’ऐवजी ‘नोटोरियस’ ठोकला की माणूस प्रसिद्ध न राहता कुप्रसिद्ध होतो. शब्दाला सोबतीही लागतात. आपण ‘कडक चहा’ म्हणतो, ‘जोराचा चहा’ म्हणत नाही, आणि ‘जोराचा पाऊस’ म्हणतो, ‘कडक पाऊस’ नाही. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’ असतो, पाऊस ‘हेवी’. त्यामुळे वहीत सुटा शब्द लिहू नका, ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहा.

लक्षात कसं राहील?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून, ते किती वेगाने विसरतात हे स्वतःवरच तपासलं आणि १८८५ मध्ये छापलं. सगळ्यात जास्त विसरणं पहिल्या दिवसातच होतं. थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर मात्र वेग मंदावतो.

यावर सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये एक स्वस्त उपाय सांगितला. ना नेटवर्क लागतं, ना फोन. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची कार्डं कापा. एका बाजूला शब्द, मागे वाक्य, अर्थ आणि शब्दाचे तुकडे. चपलेच्या खोक्यात पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज पाहायचा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, जो जरा उशिरा उघडायचा. असं करत पाचवा कप्पा महिन्यातून एकदा. चुकलं की कार्ड थेट पहिल्या कप्प्यात परत. वसतिगृहाच्या एका खोलीत चौघांनी मिळून एक खोका चालवला तर कार्डं लिहायचं काम एक चतुर्थांश होतं.

शब्दकोश शक्यतो ‘लर्नर्स’ प्रकारचा घ्या. त्यात अर्थ ठरावीक सोप्या शब्दांतच दिलेले असतात, म्हणजे अर्थाचा अर्थ शोधत बसावं लागत नाही. सरकारी कागदातला शब्द अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर मोफत आहेत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या कार्यालयाने शासनव्यवहारापासून विज्ञानापर्यंत अनेक विषयांचे मराठी प्रतिशब्द दिलेत. काही प्रतिशब्द मूळ इंग्रजीपेक्षा अवघड आहेत हे खरं, पण वर पाहिलं तसं, फोडायला तेच सोपे जातात.

जाता जाता

इंग्रजीच्या परीक्षांत एक लाडका प्रश्न असतो: ‘गूस’चं अनेकवचन ‘गीस’, मग ‘मंगूज’चं काय? उत्तर ‘मंगूजेस’. कारण त्या शब्दाचा ‘गूस’ म्हणजे हंसाशी काडीचा संबंध नाही. तो आपला मुंगूस आहे. इंग्रजीने तो मराठीतून उचललाय.